उजव्या डोळ्यातला गुलाबी

मिसाओ कुसुमोतो रोज सकाळी दहाला उत्तरेच्या खिडकीशी बसे आणि दुपारी दोनला उठे. त्याआधी आणि त्यानंतर ती इतर कामं करी. रेशमाचे दोरे कापी, भोकं पाडून आलेले मोती चाळी, डब्यांवर चिठ्ठ्या लावी. पण माळ जुळवायची ती या चार तासांतच. कोबेतल्या मोत्यांच्या पेढ्यांमध्ये हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, तरी तो कुणी मोडत नाही. शहराच्या उत्तरेला रोक्कोचे डोंगर आहेत. त्यांच्यावरून परतून येणारा उजेड मऊ असतो आणि त्यात मोत्याचा खरा रंग कळतो, असं तिथली जुनी माणसं मानतात.

ओरितो पेढीत ती वयाच्या बाविसाव्या वर्षी लागली, आणि आता तिला एकसष्टावं चालू होतं. समोरच्या ताटात दोन-अडीच हजार मोती असत. बाहेरच्या माणसाला ते सगळे पांढरे दिसत. मिसाओला त्यात गुलाबी दिसत, हिरवट दिसत, सायीच्या रंगाचे आणि रुपेरी दिसत, आणि गुलाबीतही पाच-सात तऱ्हा दिसत. पन्नासच्या वर मोती एका रंगाचे, एका तेजाचे निवडून ते चढत्या-उतरत्या मापाने लावायचे, म्हणजे एक माळ. शेवटची पारख ती उजव्या डोळ्याने करी. डावा डोळा मिटून, मोती चिमट्यात धरून, उजव्याजवळ आणून. ही तिची लहानपणापासूनची लकब होती आणि तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलींनीही ती उचलली होती.

दोन हजार आठ सालच्या ऑक्टोबरच्या एकवीस तारखेला, मंगळवारी, तोक्योच्या एका दुकानातून एक माळ परत आली. सोबतच्या चिठ्ठीत अतिशय नम्रपणे लिहिलं होतं, की सहा मोती किंचित हिरवट वाटतात, आमचीच पाहण्यात चूक होत असल्यास क्षमा असावी.

पेढीचा मालक ओरितो शुन्साकु ती माळ घेऊन खिडकीशी आला. तो पन्नाशीला टेकला होता, पण मिसाओने त्याला पाठीवर दप्तर घेऊन पेढीत येताना पाहिलं होतं, त्यामुळे तिच्याशी बोलताना त्याचा आवाज आपोआप खाली येई.

"मिसाओ-सान, जरा बघता का? मला तर काही कळत नाही."

"तुम्हाला कधी कळलंय?" मिसाओ म्हणाली. तिने माळ घेतली, डावा डोळा मिटला आणि सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. "ठीक आहे की. त्यांच्याकडे दिव्याखाली बघत असतील."

नोव्हेंबरात दुसरी माळ परत आली. डिसेंबरात तिसरी.

तिसऱ्या माळेनंतर मिसाओ ताटापुढून उठली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. गेल्या वर्षी समोरच्या बाजूला एक पाच मजली इमारत उभी राहिली होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी कठड्यावर गाद्या वाळत घाली. लालभडक अभ्रे, त्यांवर मोठी मोठी फुलं.

"हे बघा," तिने शुन्साकुला बोलावून दाखवलं. "सकाळभर तो लाल रंग माझ्या ताटात पडतो. लालाच्या उजेडात हिरवं मरतं. मग मला हिरवं कसं दिसायचं?"

हे म्हणणं कुणालाही पटण्यासारखं होतं. मोत्याच्या धंद्यात रंग चुकला की आधी उजेडाला धरतात. भिंतीचा रंग, समोरच्याचा सदरा, खिडकीच्या काचेवरची धूळ यांची झडती होते, आणि डोळ्यांची पाळी सगळ्यात शेवटी येते. शुन्साकुने मिठाईची पेटी घेतली, गळपट्टा सारखा केला आणि समोरच्या इमारतीत गेला. तिसऱ्या मजल्यावर होरीए नावाच्या म्हाताऱ्या बाई सुनेबरोबर राहत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मोत्यांसाठी माणसं इतकं करतात याचं नवल केलं, गाद्या आत घेतल्या आणि वर त्याला पिशवीभर संत्री दिली.

एक गोष्ट मिसाओने पेढीत सांगितली नव्हती. चार वर्षांपूर्वी घराजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तिला काचबिंदू असल्याचं सांगितलं होतं. डोळ्यातला दाब वाढलेला नाही, पण नस झिजते आहे, अशा जातीचा. जपानात हा पुष्कळांना होतो. म्हाताऱ्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले होते आणि म्हटलं होतं, की यात कडेची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत राहते. मोती तर मधल्या नजरेने बघायचा असतो. तेव्हा मिसाओने मनाशी हिशेब केला, की कामाला धक्का नाही. थेंब तिने एक दिवसही चुकवले नाहीत. दर तपासणीत दाब उत्तम निघे, आणि दर तपासणीत उजव्या डोळ्याच्या नजरेच्या नकाशावरचा काळा, म्हणजे न दिसणारा, भाग थोडा वाढलेला असे. डॉक्टर म्हणत, वय झालं की असं व्हायचंच.

गाद्या आत गेल्यावरही जानेवारीत एक माळ परत आली. त्यानंतर मात्र एकही आली नाही, आणि मिसाओला वाटलं, उजेड सुधारला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कोबेत बारीक मासळीची बाजारात आवक सुरू होते आणि घरोघरी ती सोया सॉस, साखर आणि आलं घालून आटवतात. गल्लीभर तोच वास. डबे भरून नातेवाइकांना धाडायचे असतात. आठ तारखेला, रविवारी, मिसाओ दोन किलो मासळी घेऊन ओट्याशी उभी होती. मापाच्या पेल्यात तिने सोया ओतला आणि तो पेल्याच्या बाजूने ओट्यावरून खाली तिच्या पायावर आला.

तिचा नवरा तेइजी गोदीत जहाजं रंगवून निवृत्त झाला होता. तो मेजाशी बसून आलं चिरत होता.

"सोया मासळीत घालतात," तो म्हणाला. "ओट्याला चव लागत नाही."

"पेला तुम्ही सरकवलात."

"मी इथे बसलोय. एवढा लांब हात असता तर गोदीत शिडीशिवाय काम केलं असतं."

"आलं जाड चिरताय."

"विषय बदलू नकोस. गेल्या आठवड्यात चहाही असाच सांडलास. आणि जिन्यावर शेवटची पायरी नाहीच असं समजून चाललीस."

मिसाओने फडकं घेतलं आणि ओटा पुसला. पेला तिला दिसलाच नव्हता. नजरेच्या खालच्या बाजूला, उजव्या कडेला, एक जागा अशी होती की तिथे काही आहे की नाही तेच कळत नव्हतं. ती काळी दिसत नव्हती, ती जागाच नव्हती. तिने हे तेइजीला सांगितलं नाही. काचबिंदूच तो, असं मनाशी म्हणून ती आलं पुन्हा बारीक चिरायला बसली.

खरी गोष्ट कळली ती दोन दिवसांनी, मंगळवारी. मार्चात सुगी नावाच्या देवदारासारख्या झाडांचे पराग उडतात आणि अर्धं शहर डोळे चोळत हिंडतं. मिसाओचा उजवा डोळा सुजून आला होता. साडेदहाच्या सुमारास तिने गरम पाण्यात पिळलेला रुमाल उजव्या डोळ्यावर धरला आणि काम अडू नये म्हणून डाव्या डोळ्याने ताटाकडे पाहिलं.

ताट बदललेलं होतं.

"नात्सुए-सान," तिने शेजारी बसणाऱ्या बाईला विचारलं, "माझं ताट कुणी हलवलं का?"

नात्सुए चाळिशीची होती. सतरा वर्षांपूर्वी मिसाओनेच तिला शिकवलं होतं. "नाही. सकाळपासून तुमच्यापुढेच आहे."

"यात इतके गुलाबी होते?"

नात्सुएने हातातला मोती ताटात ठेवला. मग म्हणाली, "होते."

मिसाओने रुमाल डाव्या डोळ्यावर नेला. गुलाबी गेला. ताटात राखेत लोळवल्यासारखे मोती पडले होते. तिने रुमाल पुन्हा उजव्यावर आणला. गुलाबी परत आला. असं तिने चार-पाच वेळा केलं. नेहमी डावा डोळा मिटून बघायची सवय. उजवा कधी मिटलाच नव्हता, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना वेगळं दिसतंय हे कळायला वाव नव्हता. गुलाबी असा हळूहळू गेला होता, की राहिलेल्यालाच ती गुलाबी म्हणत होती.

ती डगमगली असेल, पण तसं दिसलं नाही. तिने ताटातून नऊ मोती वेचले, सर्वांत गुलाबीपासून सर्वांत हिरव्यापर्यंत. "नात्सुए-सान, कागद घे. तुझ्या नजरेने यांना आकडे दे आणि मला दाखवू नकोस."

डाव्या डोळ्याने तिने ओळ लावली, ती नात्सुएच्या आकड्यांशी तंतोतंत जुळली. मग मोती मिसळून उजव्या डोळ्याने लावली. पहिले दोन जुळले. उरलेले सात कुठलेही कुठे.

"जानेवारीनंतर माळा परत आल्या नाहीत," मिसाओ म्हणाली. "तू दुरुस्त करत होतीस?"

"तुम्ही जेवायला गेलात की."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? माझी नजर तुम्हीच घडवलीत. मला वाटलं, माझंच बिघडलंय." नात्सुएने कागदाची घडी केली. "नवऱ्याचे मोजेसुद्धा रंगांप्रमाणे लावून पाहिले मी घरी. तो म्हणाला, वेड लागलंय तुला."

"मोज्यांत काय कळणार?"

"सगळे काळेच निघाले."

मिसाओ हसली, आणि तशीच उठून शुन्साकुच्या खोलीत गेली. चार वर्षांचा काचबिंदू, थेंब आणि आत्ताचे नऊ मोती, सगळं तिने क्रमाने सांगितलं आणि कमरेत वाकून उभी राहिली.

शुन्साकु बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत होता. "म्हणजे त्या होरीए आजींना मी उगाच तीन महिने गाद्या आत वाळवायला लावल्या."

"हो."

"आणि त्यांची संत्री खाल्ली."

"मीही खाल्ली. म्हणून तिकडे मी जाते."

मासळीचा एक डबा घेऊन ती त्याच संध्याकाळी पाच वाजता समोरच्या इमारतीत गेली. होरीए आजींनी डबा उघडून वास घेतला, आमच्याकडे साखर जास्त घालतात असं सांगितलं, आणि माफी मात्र मनावर घेतली नाही.

"अहो, मला बरंच झालं ते. सुनेने गाद्या वाळवायचं यंत्र घेतलं. आता तुम्ही बाहेर घाला म्हणालात तरी मी घालायची नाही. केवढ्या जड असतात." मग त्यांनी मिसाओकडे नीट पाहिलं. "पण डोळ्याचं लवकर बघा हं. माझ्या बहिणीने वेळ काढला."

एप्रिलच्या सोळा तारखेला मिसाओ दवाखान्यात गेली तेव्हा म्हातारे डॉक्टर खुबा मोडून घरी होते. त्यांच्या जागी मिनोवा नावाच्या तरुण डॉक्टर बाई बसल्या होत्या. मिसाओने शुन्साकुच्या परवानगीने आणलेली डबी उघडली, नऊ मोती रुमालावर ठेवले आणि नात्सुएचा कागद पुढे केला. डॉक्टर मिनोवांनी आधी मोती पाहिले, मग कागद पाहिला, मग ठिपक्यांतून आकडे ओळखायचं पुस्तक काढलं. डाव्या डोळ्याने मिसाओने सगळी पानं वाचली. उजव्याने तीन पानांनंतर तिला नुसते ठिपके दिसले.

"काचबिंदू रंग असा खात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "निदान मधली नजर शाबूत असताना तरी नाही."

त्यांनी डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध घालून पाऊण तास थांबवलं आणि आतली नस पाहिली. "काचबिंदूत नस पोखरते, तशी तुमचीही पोखरलीय. म्हणून आजवर सगळ्यांना तसं वाटलं. पण जी कड राहिली आहे, ती गुलाबी हवी. ती फिकी पडलीय. मागून काहीतरी नसेला दाबतंय असं मला वाटतं."

"गाठ?"

"तेच बघायला हवं. नसेलही."

गाठ नव्हती. मे महिन्यात मोठ्या इस्पितळात डोक्याचं चित्र काढलं, आणि तोकिवा नावाच्या शल्यविशारदांनी ते मिसाओ आणि तेइजीला दाखवलं. गळ्यातून मेंदूकडे रक्त नेणारी मोठी वाहिनी असते. वयाने आणि रक्तदाबाने ती कुणाकुणात कडक होते, लांबते, वाकडी होते. मिसाओची वाहिनी उजवीकडे कमान करून वर आली होती, आणि डोळ्याची नस त्या कमानीवर ताणली गेली होती. वरून हाडाची कड, खालून वाहिनी. मध्ये नस फितीसारखी चपटी झाली होती.

"दर ठोक्याला ही खालून ढकलते," तोकिवा म्हणाले.

"म्हणजे दिवसाला लाख वेळा," तेइजी म्हणाला. त्याला असले हिशेब पटकन येत.

"साधारण."

मिसाओ चित्राकडे बघत होती. "डावीकडे?"

"तिकडे वाहिनी नसेला टेकलीय. अजून दाबत नाही."

उपाय काय ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. कवटी उघडून नसेवरच्या हाडाची कड काढायची, नसेला वर सरकायला जागा करून द्यायची. वाहिनीला हात लावायचा नाही. किंवा काहीच करायचं नाही, रक्तदाब ताब्यात ठेवायचा आणि सहा-सहा महिन्यांनी बघत राहायचं.

"गुलाबी परत येईल का?" मिसाओने विचारलं.

"बहुधा नाही. इतकी वर्षं दबलेली नस सहसा उठत नाही. आहे ते राहील, अशी आशा आहे. आणि थोड्या जणांची त्या डोळ्यात उरलेली नजरही या शस्त्रक्रियेत जाते. हेही मला सांगायलाच हवं."

दोघं बसने घरी आली. चहा झाल्यावर तेइजी म्हणाला, "डाव्या डोळ्याने सगळं दिसतं ना तुला?"

"दिसतं."

"मग डोकं कशाला फोडून घ्यायचं? एका डोळ्याने काम कर. मी एका कानाने करतोच आहे."

"तुमचा दुसरा कान गेला तर तुम्हाला आनंदच होईल."

"तो प्रश्न नाही."

"प्रश्न डाव्याचा आहे," मिसाओ म्हणाली. "आज तो चांगला आहे. सत्तराव्या वर्षी कसा असेल ते तोकिवा-सानना माहीत नाही, मलाही नाही. तो गेला, तर उजव्यात आज जेवढं आहे तेवढ्यावर मला भात वाढायचाय, जिना उतरायचाय. मोती राहू देत. तोवर हाही वाळून गेला, तर माझ्याकडे काय उरेल?"

तेइजीने कप खाली ठेवला. "केस काढतील?"

"थोडे. बाजूचे."

"बरं," तो म्हणाला, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारीख शोधायला उठला.

तेवीस जूनला, मंगळवारी, शस्त्रक्रिया झाली. साडेपाच तास लागले. शुद्धीवर आल्यावर परिचारिकेने उजव्या डोळ्यापुढे बोटं धरली. मिसाओने तीन म्हणून सांगितलं, आणि तीनच होती. गुलाबी परत आला नाही. जुलैच्या अखेरीस नजरेचा नकाशा काढला, तेव्हा काळा भाग होता तिथेच होता. डॉक्टर मिनोवा म्हणाल्या, एवढ्यावरून काही म्हणता येणार नाही, डिसेंबरचा कागद याच्यावर ठेवून बघू.

सप्टेंबरच्या चौदा तारखेला ती पेढीत परतली, टोपी घालून. शुन्साकुने तिच्यासाठी दोरे आणि चिठ्ठ्यांचं काम काढून ठेवलं होतं. मिसाओने ते बाजूला सारलं.

"नव्या मुलींना तुम्ही काय देता?"

"मिसाओ-सान, तुमची कसली परीक्षा घ्यायची?"

"काय देता?"

नव्या मुलीला मिश्र मोत्यांचं एक ताट आणि दोन दिवस देतात. तेवढ्यात तीन माळा लावायच्या, आणि दुसऱ्या कुणीतरी त्या तपासायच्या. तपासणारीने त्या वेळी तोंड उघडायचं नसतं. खटकलेला मोती नुसता बाहेर ठेवायचा असतो. मिसाओने दोन दिवस घेतले. तपासायला नात्सुए बसली. पहिली माळ तिने तशीच पुढे सरकवली. दुसरीही. तिसरीपाशी ती थांबली, माळेच्या मधोमध बोट ठेवलं, दोरा सोडवला आणि एक मोती बाहेर ठेवला. तिचे कान लाल झाले होते.

मिसाओने उजवा डोळा मिटून तो मोती पाहिला. हिरवट होता, अगदी किंचित. तो लावताना जुन्या सवयीने डावा डोळा मिटला गेला असणार.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आता बोललीस तरी चालेल."

"एकच आहे," नात्सुए म्हणाली. "माझ्या परीक्षेत अकरा निघाले होते. तुम्ही मला दिवसभर तुमच्याकडे बघूसुद्धा दिलं नव्हतं."

"बारा," मिसाओ म्हणाली. "अकरा सांगितले, कारण तू रडत होतीस."

दुसऱ्या दिवशी तिने चष्म्याच्या दुकानातून उजवी काच दुधी करून घेतली. कामाच्या चार तासांत तोच चष्मा. तेव्हापासून ओरितो पेढीत मिसाओची माळ नात्सुएच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही, आणि हे सगळ्यांसमोर होतं, जेवायच्या सुट्टीत नाही. कधी महिनाभर एकही मोती बाहेर येत नाही. कधी एखादा येतो. आला की दोघी मिळून बघतात आणि कधीकधी वादही घालतात.

दहा डिसेंबरला, गुरुवारी, डॉक्टर मिनोवांनी दोन कागद एकावर एक ठेवून उजेडापुढे धरले. काळ्या डागाची कड काळ्या डागाच्या कडेवर बसली. त्यांनी खालचे आकडे दोनदा पाहिले आणि काचबिंदूचे थेंब बंद करायला सांगितले.

मिसाओ घरी आली तेव्हा तेइजी दारातच उभा होता, चांगला कान पुढे करून.

"काय म्हणाल्या?"

"तसंच आहे."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं," मिसाओ म्हणाली, आणि बूट काढायला पायरीवर बसली.